मोजणीआधीची रेघ

१३ फेब्रुवारी २०२१, शनिवार

काल बातमी आली. जनगणनेचे आकडे मार्चअखेर मिळणार नाहीत. करोनामुळे सगळं रेंगाळलं, आता उन्हाळा सरेपर्यंत वाट बघा म्हणतात. गेल्या वर्षीचा अख्खा उन्हाळा मी तोंडाला फडकं बांधून पूर्वेकडच्या वस्तीत दारोदार हिंडले. "फॉर्म भरलास का गं? तान्हं बाळ धरलंस का? वर राहणारा भाचा?" कुत्र्यांनी दोनदा पिटाळलं. एका घरात मला पोलिसांचं माणूस समजून दिवे मालवले आणि आतून रेडिओ मात्र चालूच ठेवला. एवढी तंगडतोड केली आणि त्याचं फळ वॉशिंग्टनात कुलूपबंद!

मारित्साचा लगेच फोन. "आत्या, ऐकलंस का? आता आपलं काय होणार?"

ही माझ्या भावाची मुलगी, मांस कारखान्याच्या दवाखान्यात नर्स. गेल्या वर्षी कारखान्यात साथ पसरली तेव्हा हिने व्यवस्थापकाच्या खोलीत जाऊन टेबलावर हात आपटला होता. विधानसभेला उभं राहायचं खूळ तिच्या डोक्यात मीच घातलं. कॅल्डर फॉल्समधून आमच्यातलं, घरी स्पॅनिश बोलणाऱ्यांतलं, एकही माणूस आजवर राज्याच्या राजधानीत गेलेलं नाही. पहाटे चारला सुऱ्या धरणारे आम्ही, शाळेच्या बसगाड्यांत निम्मी पोरं आमची, पण मतदारसंघाच्या रेघा दहा वर्षांपूर्वीच्या. तेव्हा पूर्वेला निम्मा मकाच होता. नवी मोजणी आली की मतदारसंघात निम्म्याहून जास्त आम्ही भरू, मग मारित्सा उभी राहील, असं आमचं ठरलंय.

अडचण अशी, की राज्यघटनेत तारीख लिहून ठेवलीय. जनगणनेनंतरच्या वर्षी ३० जूनच्या आत विधिमंडळाने नवे मतदारसंघ आखायचे. नाही आखले तर काम त्यांच्या हातून जातं आणि आठ जणांच्या समितीकडे येतं. मुहूर्त टळत नाही आणि नवरदेव अजून वेशीवरही पोचलेला नाही, अशी गत.

गॉर्डनला विचारते. त्याला ठाऊक असेल.

२८ फेब्रुवारी, रविवार

गॉर्डन त्याच्या चर्चमधून सरळ इकडे आला. अठरा वर्षं आमदार, पण माझ्या स्वयंपाकघरात तो ट्रॅक्टर विकणारा गॉर्डन लिंडक्विस्टच. माझ्या मेनुदोच्या रश्श्यात पाव बुडवून खातो. मक्याची तोर्तिया दिली तर रुमालासारखी घडी घालून बाजूला ठेवतो. सात वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याच्या, युसेबियोच्या शवपेटीला पुढून खांदा देणारा हाच. त्याच्या नऊ निवडणुका मी माझ्या जेवणाच्या टेबलावरून चालवल्या आणि त्याबद्दल कधी काही मागितलं नाही.

जानेवारीत त्याने गुडघा बदलून घेतला. पाय झाडून दाखवत म्हणाला, "डॉक्टर म्हणतो, वीस वर्षं बघायला नको. दारोदार हिंडायला मोकळा!"

"आता कुणासाठी हिंडणार? ही शेवटची खेप म्हणालास ना नाताळात?"

"म्हणालो होतो खरा," तो हसला आणि आणखी वाढून घेतलं.

आकड्यांचं विचारलं तर म्हणाला, काळजी नको, सरकारी पाहणीचे अंदाज असतात, वेळ पडली तर त्यावर काम भागवू. पूर्वेकडे अकरा हजार माणसं आहेत असं तो अंदाज म्हणतो.

"अंदाज गेला खड्ड्यात. चौदाच्या खाली एक माणूस नाही."

त्याचा चमचा थांबला. "चौदा?"

"कारखान्यामागच्या नव्या इमारती तुमच्या पाहणीत आल्याच नाहीत. तळघरांत राहणारे आले नाहीत. मी एकतीस वर्षं शाळेच्या बसगाड्या सोडल्यात, गॉर्डन. कुठल्या दारातून किती पोरं निघतात हे मला विचार."

त्याने चष्मा काढला आणि खरंच विचारलं. कुठली इमारत, किती मजले, कुठल्या गल्लीत. चर्चच्या पत्रकामागे सगळं टिपून घेतलं. इतक्या वर्षांनी एक माणूस असा बसून ऐकतो. मला बरं वाटलं.

१९ मार्च

काही विशेष नाही. लशीचा दुसरा डोस. दंड दुखतोय.

११ एप्रिल, रविवार

विधिमंडळाने पत्रक काढलंय. लोकांनी यावं, 'आमची वस्ती कुठून कुठवर' ते सांगावं, जमल्यास नकाशाही द्यावा. वस्ती एकजीव असेल तर ती शक्यतो फोडायची नाही, असा नियम आहे म्हणे. नियम चांगला आहे.

चर्चमधली मिसा झाल्यावर तिथल्याच सभागृहात खाटकाकडचा तपकिरी कागद अंथरला, सहा टेबलं लांब. रस्ते मी आधीच काढून ठेवले होते. मग सगळ्यांनी आपापलं घर भरलं. निळा ठिपका म्हणजे आपल्यातलं घर. पावाचं दुकान, कपडे धुण्याचं दुकान, फुटबॉलचं मैदान, सगळं आलं. म्हाताऱ्या आन्सेल्मोंनी रेल्वेरुळापलीकडच्या अगदी टोकाचे तीन चौक जास्तीचे रंगवले.

"तिथे आपलं कुणी राहत नाही," मी म्हटलं.

"पुतण्या घर बघतोय तिथे."

"बघतोय ना? घेऊ दे आधी. हा नकाशा आहे, नवस नाही."

सगळे हसले. म्हातारा रुसला आणि मग पावाला हात लावेना, पण दोन मिनिटांत तोही खाऊ लागला. संध्याकाळपर्यंत काम चाललं. मारित्सा रात्रपाळीहून आली ती तशीच उभी राहून नकाशा बघत राहिली. रूळ वस्तीच्या अगदी मधोमध जातो, पण ठिपके दोन्ही बाजूंना सारखेच दाट. "आत्या, आपण एवढे आहोत?" असं म्हणाली. मला रडू आलं, ते मी कांद्यावर ढकललं. कांदा कुठेच नव्हता.

२ मे, रविवार

राजधानीहून आल्काला वकील आले होते. किडकिडीत, टाय सैल, बोलणं मात्र नेमकं. त्यांचं म्हणणं असं: खऱ्या आकड्यांशिवाय नकाशा आखणं म्हणजे डोळे बांधून कापड बेतणं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात अर्ज करू, की तारीख पुढे ढकला, आकडे येऊ द्या. शेजारच्या दोन राज्यांत न्यायालयांनी तसं केलंय. पण अर्ज आत्ता करायला हवा. एकदा नकाशा मंजूर झाला की न्यायालय म्हणेल, तेव्हा कुठे होता?

बेचाळीस जणांनी सह्या केल्या. पहिली मारित्साची. मी म्हटलं, गॉर्डनशी बोलून करते.

आल्काला माझ्याकडे बघत म्हणाले, "बाई, तुमचा नकाशा फार चांगला आहे. तो एवढ्यात कुणाला देऊ नका."

वकिलांना सगळीकडे चोरच दिसतात.

५ मे

गॉर्डनचा फोन, तासभर. इतकं दुखावलेलं मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"ओफेलिया, माझ्यावर दावा? तुझ्या लोकांनी?"

"तुझ्यावर नाही रे. तारखेवर."

"तारीख राज्यघटनेत आहे. मी शपथ घेतलीय तिची. तीस जून म्हणजे तीस जून. ते आमचं कर्तव्य आहे, लहर नाही. आणि काम आमच्या हातून गेलं तर कुणाकडे जाईल माहितीये? आठ अनोळखी माणसांकडे. चार-चार अडले तर टोपीतून चिठ्ठी काढतात. तुझ्या मारित्साचं नशीब टोपीत घालायचंय तुला?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐक. आत्ता अंदाजावरून आखतो, तो नुसता तारीख सांभाळायला. ऑगस्टमध्ये खरे आकडे आले की परत बसू आणि दुरुस्त करू. माझा शब्द आहे."

गॉर्डनचा शब्द! युसेबियो गेला त्या आठवड्यात 'गुरुवारी येऊन बर्फ काढतो' म्हणाला होता आणि बुधवारी रात्रीच काढून गेला. अशा माणसावर संशय घ्यायचा आणि टाय सैल सोडणाऱ्यावर विश्वास ठेवायचा का?

९ मे, रविवार

एकेकाला गाठून सह्या मागे घ्यायला लावल्या. चाळीस जणांनी दोन मिनिटांत ऐकलं. "तू म्हणतेस ना, मग झालं," एवढंच. एकेचाळिसावे म्हातारे आन्सेल्मो, त्यांना दोन गोड पाव लागले.

मारित्सा मात्र अडून बसली. तिच्या ओट्यावर आम्ही अर्धा तास भांडलो.

"आत्या, तो आमदार आहे. त्याला त्याची खुर्ची नको होईल का?"

"तो उभा राहणार नाहीये."

"असं त्याने लिहून दिलंय?"

"लिहून? त्याने तुझ्या काकाला खांदा दिलाय, पोरी!"

 मग तिनेही मागे घेतली. तोंड एवढंसं झालं होतं. आज नाही कळत, पुढे कळेल तिला.

२७ मे, गुरुवार

राजधानीत सुनावणी. प्रत्येकाला तीन मिनिटं. पुढे लाल दिवा लागतो. मी नकाशा उलगडला तेव्हा सुनावणी घेणारे आमदार खुर्च्यांतून पुढे वाकले. एकाने विचारलं, "प्रत्येक ठिपका म्हणजे घर? तुम्ही पडताळलंय?" मी म्हटलं, "पडताळलंय म्हणजे? त्या घरातली पोरं मी एकतीस वर्षं शाळेत पोचवलीत."

माझ्याआधी एका प्राध्यापिकेने वस्ती म्हणजे काय यावर सुंदर भाषण केलं. तिचा एकही शब्द कुणी लिहून घेतला नाही. माझा नकाशा मात्र दोन माणसांनी अदबीने गुंडाळून आत नेला. मी अर्धा दिवस हवेत होते. परतताना गॉर्डनने गाडीत गाणी लावली. विचारलं, "टॅमरॅक रस्त्यावर तुझं घर कोपऱ्याचंच ना? रुळापलीकडचं पहिलं?"

"अठरा वर्षं जेवायला येतोयस, आता विचारतोस?"

"खात्री केलेली बरी," म्हणाला.

३० जून, बुधवार

मंजूर झाला. नकाशा काल दुपारी बाहेर आला आणि आज संध्याकाळी मतदान. तारीख सांभाळली त्यांनी, चार तास राखून.

मारित्सा फोन नाचवत आली. फोनवर नकाशा टपाल तिकिटाएवढा. तिचं म्हणणं, रेघ सरळ रुळावरून गेलीय. अलीकडची अर्धी वस्ती गॉर्डनच्या मतदारसंघात, पलीकडची अर्धी उत्तरेच्या मक्यात. चोवीस हजारांच्या मतदारसंघात आपण इकडेही सात हजार, तिकडेही सात हजार.

मी म्हटलं, "तात्पुरता आहे गं तो. अंदाजावरून केलाय. त्यांना काय दिसणार? ऑगस्ट येऊ दे."

"सहा टेबलं लांब ठिपके दाखवून आलीस ना त्यांना?"

असं तोडून बोलते अलीकडे. रात्रपाळ्या फार होतात तिच्या.

१३ ऑगस्ट, शुक्रवार

आकडे आले! पूर्वेकडची वस्ती: चौदा हजार दोनशे बारा. मी काय सांगितलं होतं? चौदाच्या खाली एक माणूस नाही! पावाच्या दुकानात मालकिणीने मोठ्याने वाचून दाखवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही तीनदा आला होतात दारावर. दोनदा मी लपले होते."

अंदाज आणि खरं यांत एवढं अंतर पडलं, की जूनचा नकाशा कायद्यात बसत नाही. सगळे मतदारसंघ सारख्या माणसांचे लागतात. म्हणजे परत बसावंच लागणार. खास अधिवेशन बोलावतील. गॉर्डनला निरोप ठेवलाय.

२० ऑगस्ट

गॉर्डनने फोन उचलला नाही. अधिवेशनाच्या गडबडीत असेल.

२६ ऑगस्ट

मार्लिसने उचलला, त्याची बायको. तो अंघोळीत आहे म्हणाली. दुपारी दोनला?

२ सप्टेंबर, गुरुवार

लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

अधिवेशन मंगळवारी झालं, एका दिवसात. दुरुस्त नकाशा आज जिल्हा कार्यालयात भिंतीवर लावला, भिंतभर. मारित्सा आणि मी गेलो. आमच्यामागून वस्तीतली आठदहा माणसं आली.

रेघ तिथेच होती, रुळावर. दुरुस्ती म्हणजे उत्तरेची दोन गावं तिकडची इकडे आणि इकडची तिकडे. माणसं सारखी झाली, आम्ही दुभंगलेलेच राहिलो.

मारित्साने रेघेवर बोट ठेवलं आणि हळूहळू खाली आणलं. रुळावरून सरळ, सरळ, टॅमरॅक रस्त्यापर्यंत. तिथे रेघ रूळ सोडून बाहेर येते. एका कोपऱ्याच्या घराला वळसा घालते आणि परत रुळावर जाते. रुळापलीकडचं ते एकच घर गॉर्डनकडे.

"आत्या," ती म्हणाली, "हे तुझं घर आहे."

 मी कारकून बाईला विचारलं, हे वळण चुकून आलंय का? ती बिचारी म्हणाली, "नाही, हे जूनपासूनच आहे. त्यात बदल नाही."

वळून बघितलं तर म्हातारे आन्सेल्मो टोपी घालत होते. मला ओलांडून गेले, अंगाला लागू नये अशा बेताने. मारित्साचं घर माझ्यापासून तिसरं. ते उत्तरेच्या मक्यात गेलंय, तिथे तिला कुत्रंही ओळखत नाही.

४ सप्टेंबर, शनिवार

गॉर्डनच्या ट्रॅक्टरच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं, तरी उभी राहिले. तो मला मागच्या खोलीत घेऊन गेला आणि कॉफी ओतली, साखर न विचारता दोन चमचे. माझी साखर त्याला पाठ आहे.

"दुरुस्त करतो म्हणाला होतास."

"केलं की. दोन्हीकडे माणसं सारखी झाली. कायदा तेवढंच मागतो. मी दुसरं काही म्हणालो होतो का, आठवून बघ."

मी आठवून बघितलं. नव्हता म्हणाला. शब्द त्याने दिला होता, त्यात काय आहे ते मी माझ्या मनाने भरलं होतं.

"रेघ रुळावरून कशी गेली? अंदाजात तर नव्या इमारती नव्हत्या. मग आम्ही कुठे कुठे आहोत हे तुम्हाला कळलं कसं?"

त्याने कपात बघितलं. मग अगदी मनापासून, कौतुकाने म्हणाला, "तुझा नकाशा सगळ्यांत चांगला होता, ओफेलिया. बाकीच्यांनी भाषणं केली. तू घरं दाखवलीस."

आकडे नव्हते तोवर ही माणसं आंधळी होती. त्यांना डोळे मी दिले. एकेक ठिपका पडताळून दिले! आणि जो दावा त्यांना थांबवू शकला असता, तोही मीच मोडला. केसाने गळा कापला याने, आणि केसही माझाच.

"तू उभा राहणार आहेस."

"मार्लिस म्हणते, घरी बसून मी तिला वेड लावेन. आणि गुडघाही..."

"माझ्या घराला वळसा कशाला घातलास?"

आता तो दुखावला. खरंच दुखावला, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. "तुला मी तिकडे जाऊ देईन असं वाटलं तुला? नकाशावाली पोरं कुरकुरत होती. मी म्हटलं, सगळं तुमच्या मनासारखं करा, पण ते एक घर माझ्याकडे राहील. अठरा वर्षं, ओफेलिया! तुझ्याशिवाय मी निवडणूक लढवलेली नाही."

हा माणूस मला काहीतरी दिल्यासारखा बोलत होता. शिव्या खूप आठवल्या, दोन्ही भाषांतल्या. त्यातली एकही पुरली नसती. कप खाली ठेवला आणि निघाले. अठरा वर्षं! सख्खा भाऊ मानला याला. खांदा दिला त्याने, तेव्हाही माझ्या टेबलाकडेच बघत होता का? तेवढं तरी खरं असू दे, असं वाटतं. तेवढ्यावरच मी सात वर्षं काढलीत.

१९ सप्टेंबर, रविवार

मिसेत माझ्या बाकावर मी एकटी. बाकी बाक भरलेले. पावाच्या दुकानात मालकीण पूर्वी म्हणायची, "ओफेलिया, आज गरम आहेत." आज नुसतं विचारलं, "किती?"

कुणी तोंडावर बोलत नाही. त्यांनी नकाशा बघितलाय. रेघ एका घरासाठी वाकते, आणि त्या घरातली बाई मे महिन्यात दारोदार सांगत होती की सह्या मागे घ्या. त्यांच्या जागी मी असते तर मीही हाच अर्थ काढला असता.

मी विकली गेले नाही, फुकट गेले. हे कुणाला सांगू? विकली गेलेलीला निदान हुशार तरी म्हणतात.

मारित्सा फोन उचलते. "हो, नाही, रात्रपाळी आहे" एवढंच.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

मीच आल्कालांना फोन केला. म्हटलं, मला बोला हवं ते. त्यांनी कामाचंच सांगितलं. आता दावा दुरुस्त नकाशावर होईल. विधिमंडळाच्या वकिलांचा पहिला मुद्दा तयार आहे: वस्तीने मे महिन्यात अर्ज स्वतःहून मागे घेतला, म्हणजे अंदाजावरच्या नकाशाला त्यांची संमती होती. शिवाय वस्तीच्याच बाईने नकाशा आणून दिला.

"याला एकच उत्तर आहे," ते म्हणाले. "सह्या मागे घेणाऱ्या प्रत्येकाचं शपथेवरचं कारण. त्यांच्याच शब्दांत. त्यांना काय सांगितलं गेलं, आणि कुणी."

"म्हणजे माझं नाव."

"बेचाळीस वेळा. आणि न्यायालयात तुम्हाला सगळ्यांदेखत विचारतील, बाई. तुम्ही इतक्या भोळ्या होता का, की सामील होता."

मी म्हटलं, कागद पाठवा, मी गोळा करते. तुम्हाला दार कोण उघडणार? ते म्हणाले, आणि तुम्हाला?

१६ ऑक्टोबर, शनिवार

उघडतात. लोक उघडतात, ओट्यावरच उभं ठेवतात, ऐकून घेतात. मी एकच सांगते. "मे महिन्यात मी तुम्हाला सही मागे घ्यायला लावली. मी चुकले. गॉर्डनने मला फसवलं आणि मी तुम्हाला. कारण इथे लिहा, खरं लिहा, मला वाईट वाटेल म्हणून गाळू नका."

कुणीही गाळलेलं नाही. म्हाताऱ्या आन्सेल्मोंनी पान भरून लिहिलं, पाठीमागेही. शेवटी विचारलं, "तुला त्याने काय दिलं?"

"काही नाही."

म्हाताऱ्याने कागद माझ्या हातात दिला. "मग तू आम्हाला वाटली होतीस त्याहून मूर्ख निघालीस," म्हणाला आणि आतून खुर्ची आणून दिली. दीड महिन्यात वस्तीत मला कुणी बसायला दिलं ते हे पहिलंच.

१७ ऑक्टोबर, रविवार

एकेचाळीस झाले. राहिली मारित्सा. तिच्याकडे आधी जायला हवं होतं, पण पाय वळत नव्हते. तीन घरं ओलांडायला मला नऊ दिवस लागले.

ती रात्रपाळीला निघायच्या तयारीत होती, गणवेश घातलेला, केस ओले. मी इतर दारांवर बोलले तेच बोलले, त्याच शब्दांत, नाहीतर धीर झाला नसता. तिने मध्ये तोडलं नाही. कागद घेतला आणि भिंतीला टेकवून लिहायला लागली. मला वाटलं ही पान भरेल. तिला सगळं आधीच दिसलं होतं आणि तिने मला तोंडावर सांगितलं होतं. खुर्चीवर बसलेला माणूस खुर्ची सोडतो का, हे तिने मे महिन्यातच विचारलं होतं. आता दावा जिंकला नाही तर तिला त्या अनोळखी उत्तरेतून उभं राहावं लागेल, नाहीतर दहा वर्षं थांबावं लागेल. लिहू दे, म्हटलं. तिचा हक्क आहे.

एका ओळीत झालं. तिने सही केली, कागद माझ्या हातात दिला आणि बूट घालायला वाकली.

'सही मागे घेण्याचं कारण' असं छापलंय, त्यापुढे तिने लिहिलं होतं: 'आत्या म्हणाली म्हणून.'

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच होतं," ती म्हणाली, आणि बुटाची नाडी बांधत राहिली.